'थीफ' (१९८१) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्दर्शक मायकल मॅनचा 'थीफ' बघून झाला की लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि न बघितलेले लोक "बघू का?" एवढंच विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून टाकलंय. शेवट फोडणारे प्रश्न खालच्या बाजूला ढकललेत आणि तिथे तसं लिहिलंय, तेवढं सांभाळून वाचा.

पिक्चर नक्की कशाबद्दल आहे?

शिकागोतला फ्रँक. दिवसा सेकंडहँड गाड्या विकतो, एक बारही चालवतो, आणि रात्री तिजोऱ्या फोडतो. फक्त कॅश आणि खडे हिरे, बाकी दागिन्यांना हात लावत नाही कारण दागिना ओळखता येतो. विसाव्या वर्षी जेलमध्ये गेला तो एकतिसाव्या वर्षी बाहेर आला आणि आता त्याला गेलेली सगळी वर्षं एकदम भरून काढायचीत, बायको, घर, मूल, सगळं, आणि तेही या महिन्यात. या घाईपायी तो स्वतःचाच एक नियम मोडतो, म्हणजे आयुष्यात कधी कोणासाठी काम केलं नाही तो लिओ नावाच्या एका मोठ्या माणसासाठी काम करायला तयार होतो. पुढचं सगळं त्यातून घडतं.

चोरीचा पिक्चर आहे असं लोक म्हणतात ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर हा नोकरीचा पिक्चर आहे. हातात कसब असलेला माणूस आणि त्याच्या कसबावर पैसा लावणारा माणूस, यांच्यात शेवटी मालक कोण, एवढाच प्रश्न आहे त्यात. मॅनने स्वतःही नंतर याच्याबद्दल बोलताना कॉर्पोरेट भांडवलशाहीवरची टीका अशा अर्थाचंच सांगितलंय, त्यामुळे हे काही मी ओढूनताणून काढलेलं नाही.

कोण कोण आहे यात?

फ्रँक म्हणजे जेम्स कान. त्याची होणारी बायको जेसी म्हणजे ट्यूजडे वेल्ड. पार्टनर बॅरी म्हणजे जेम्स बलुशी, एकदम तरुण, त्याच्या करिअरच्या अगदी सुरुवातीचा. जेलमधला म्हातारा गुरू ओक्ला म्हणजे विली नेल्सन, हो तोच, गाणारा. लिओचं काम रॉबर्ट प्रॉस्कीने केलंय, तोपर्यंत तो मुख्यतः नाटकवाला माणूस होता आणि पडद्यावर लोकांना फारसा माहीत नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा दिसतो तेव्हा हा कोणाचा तरी प्रेमळ काका वाटतो आणि तिथेच आपण फसतो. बारमध्ये एका छोट्याशा कामात विल्यम पीटरसन, पुढे नाव झालेला नट, दिसतो, लक्ष ठेवलं तर. प्रोड्यूसरमध्ये जेरी ब्रुकहायमरचं नाव आहे, जो पुढे भलेमोठे धमाकेदार पिक्चर काढायला लागला. इथे धमाका आहे, पण वेगळ्या जातीचा.

मॅनचा हा थिएटरसाठी केलेला पहिला पिक्चर. त्याआधी १९७९ मध्ये त्याने टीव्हीसाठी एक जेलमधली फिल्म केली होती, तीही कॅलिफोर्नियाच्या खऱ्या फॉल्सम जेलमध्ये शूट करून, खऱ्या कैद्यांना घेऊन. फ्रँकचं बोलणं, चालणं, कोणाकडे कसं बघतो, यातलं बरंच तिथून आलेलं आहे हे कळतं. जेल न बघितलेल्या माणसाने लिहिलेला गुन्हेगार वेगळा ओळखू येतो, तो सारखा डायलॉग मारत असतो.

खऱ्या माणसावर आहे का?

अर्धवट हो. एक पुस्तक आहे १९७५ चं, फ्रँक होहायमर या नावाने छापलेलं. लिहिणारा खरा चोर होता, जॉन सीबोल्ड, आणि ते टोपणनाव होतं त्याचं. पण पिक्चर त्या पुस्तकाची नक्कल नाहीये. पुस्तकातला माणूस लोकांच्या घरात घुसणारा आहे आणि पिक्चरमधला फ्रँक तिजोऱ्यांचा कारागीर, फरक मोठा आहे. मॅन शिकागोचाच, आणि तिथले चोर आणि पोलीस दोघांनाही ओळखायचा, म्हणून फ्रँक हा कोणा एकाचा चेहरा नसून तीनचार जणांचा काढा आहे असं म्हणायला हरकत नाही.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे जॉन सँटुची, हा खराखुरा शिकागोचा चोर, आणि मॅनने त्याला टेक्निकल सल्लागार म्हणून घेतला होता.

चोराने पोलिसाचा रोल केला आणि पोलिसाने गुंडाचा, हे खरं की पसरवलेलं?

खरं आहे राव. सँटुचीने पिक्चरमध्ये अरिझी नावाच्या हप्ता मागणाऱ्या पोलिसाचं काम केलंय. आणि लिओचा जो कार्ल नावाचा माणूस आहे, तो म्हणजे डेनिस फरीना, जो त्या वेळी चक्क शिकागो पोलिसात नोकरीला होता! १९६७ ते १९८५ अशी त्याची पोलिसातली नोकरी, आणि 'थीफ'मध्ये तो नोकरी सांभाळून काम करत होता, फुलटाइम नट नंतर झाला. शिवाय चक अ‍ॅडमसन, हाही शिकागोचा डिटेक्टिव्ह, तोही यात पोलीस म्हणूनच दिसतो.

म्हणजे सेटवर चोर आणि चोर पकडणारे एकत्र जेवत असणार. पुढे १९८६ मध्ये मॅनने टीव्हीवर शिकागोच्या गुन्हेगारीवर मालिका आणली, तिच्या दोन निर्मात्यांपैकी एक हाच अ‍ॅडमसन, फरीना त्यात पोलीस आणि सँटुची त्यात चोर. तिथे रोल सरळ झाले.

हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. पोलीस फ्रँकला मारतात आणि वाटा मागतात तो सीन बघा. कोणी ओरडत नाही, कोणी टेबलावर हात आपटत नाही, दमलेली माणसं रोजचं काम उरकल्यासारखी मारतात आणि मध्येच समजावून सांगतात की अरे इथे सगळे असंच करतात, तू कशाला वेगळा. फ्रँक त्यांना उलट विचारतो की कधी कष्ट करून कमवायचा विचार आलाय का मनात. चोर पोलिसाला हे विचारतोय! आणि पिक्चरच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे, कारण तिथे खरं काम करणारा तो एकटाच आहे.

तिजोरी फोडायची हत्यारं खरी होती का? आणि ते ठिणग्यांचं काय आहे?

हत्यारं खरी होती, बरीचशी त्या धंद्यातल्या माणसांचीच. यात दोन मोठ्या चोऱ्या आहेत आणि दोन्हींची पद्धत एकदम वेगळी आहे.

पहिली अगदी सुरुवातीला. पाऊस, अंधारी गल्ली, बॅरी बाहेर, एकजण गाडीत पोलिसांचा रेडिओ ऐकत बसलाय, आणि आत फ्रँक लोहचुंबकाने तिजोरीला चिकटणारं मोठं ड्रिल लावून दार भोसकतोय. जवळजवळ बोलणंच नाही. कॅमेरा ड्रिलने पाडलेल्या भोकातून आत जातो. कानने हे काम शिकून घेतलं होतं, नुसतं हातात धरून उभं राहणं नाही. दार उघडल्यावर तो ज्या पद्धतीने ड्रॉवरमागून ड्रॉवर ओढतो, बघतो, फेकून देतो, हिऱ्यांच्या पुड्या मिळाल्या की खिशात, बस, निघाला, त्यात घाई नाही आणि आनंदही नाही. मला तरी ही सुरुवात शेवटच्या गोळीबारापेक्षा जास्त आवडते.

दुसरी चोरी लॉस एंजेलिसमधली, मोठी. तिथे ड्रिल चालणार नाही म्हणून बर्निंग बार, म्हणजे थर्मल लान्स. ही एक लांब पोलादी नळी असते, आत लोखंडी सळया ठासून भरलेल्या, मागून दाबाने ऑक्सिजन सोडायचा आणि पुढचं टोक पेटवायचं. मग ऑक्सिजनमध्ये लोखंडच जळायला लागतं, तापमान तीनचार हजार सेल्सिअसच्या घरात जातं आणि समोरचं पोलाद, काँक्रीट, जे असेल ते वितळून वाहायला लागतं. नळी स्वतःही जळत संपत जाते म्हणून ती मोठी लागते. जहाजं तोडण्यापासून ते भट्टीत अडकलेलं धातूचं ढेकूळ कापण्यापर्यंत याचा कामधंद्यात वापर होतो, चोरांसाठी बनवलेली वस्तू नाही ती. पडद्यावर तुम्ही जो ठिणग्यांचा पाऊस बघता तो इफेक्ट नाही, खरंच जाळलंय.

त्याआधी फ्रँक एका म्हाताऱ्या धातूवाल्याकडे जातो तो छोटा सीन सोडू नका. दोघं पोलादाबद्दल बोलतात, कशाने काय कापलं जाईल, किती वेळ लागेल, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकमेकांबद्दल जो आदर आहे तो पिक्चरभर दुसऱ्या कोणत्याच व्यवहारात नाही.

आणि दार जळून पडल्यावरचा शॉट. फ्रँक तोंडावरचा मुखवटा काढतो, खुर्चीत बसतो आणि सिगरेट पेटवतो. घामाघूम. बाकीचे आत जाऊन माल गोळा करतायत आणि हा बसलाय, शिफ्ट संपलेल्या वेल्डरसारखा. दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर इथे हिऱ्यांचा क्लोजअप मारला असता.

फ्रँक असा एक एक शब्द तोडून का बोलतो?

ते मुद्दाम आहे आणि ती कानची आयडिया. इंग्लिशमध्ये बोलताना लोक दोन शब्द जोडून आखूड करतात, कान हे पूर्ण पिक्चरभर जवळजवळ टाळतो, प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण. त्याचं म्हणणं असं की या माणसाची अकरा वर्षं गेलीत, त्याला एक वाक्य दोनदा बोलायला वेळ नाहीये, त्यामुळे तो पहिल्याच वेळी असं बोलतो की समोरच्याला दुसरा अर्थ काढताच येऊ नये. सबटायटलवर बघताना हे निसटतं, म्हणून एखादा सीन सबटायटल बंद करून नुसता ऐका.

कान 'गॉडफादर'मधल्या सनीमुळे लोकांना माहीत होता, तो भडक डोक्याचा भाऊ. इथेही राग आहे पण तो झाकण लावून ठेवलेला आहे. नंतर स्वतः कान या कामाला आपल्या आवडत्या कामांपैकी एक म्हणायचा.

कॉफीच्या टेबलावरचा सीन एवढा का गाजलाय? मला तर नुसतं बोलणं वाटलं.

नुसतं बोलणंच आहे. पण बघा काय काय होतं त्यात.

फ्रँक जेसीला भेटायला दोन तास उशिरा येतो. ती अर्थातच भडकलेली. हा माफी बिफी मागत नाही, तिला जवळजवळ ओढत गाडीत घालतो, गाडीत दोघांचं कडाक्याचं भांडण, आणि मग हायवेवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये, खाली गाड्या धावतायत आणि वर हे दोघं काचेला लागून बसलेत. ओळख म्हणावी तर जेमतेम. आणि तिथे तो तिला सांगतो की मी चोर आहे. सरळ. मग जेलचं सांगतो, की मूळ शिक्षा ४० डॉलर चोरल्याची होती, दोन वर्षांची, आणि आत स्वतःला वाचवताना जे घडलं त्याने ती वाढत वाढत अकरावर गेली.

मग येतो खरा भाग. आत एक टोळी त्याच्यावर येणार आहे हे त्याला कळलेलं असतं, आणि त्या रात्री तो अशा जागी पोचतो की मेलो काय जगलो काय, काही फरक पडत नाही. ज्या क्षणी काहीच वाटेनासं झालं त्या क्षणी मला कळलं की मी यातून जिवंत बाहेर पडणार, अशा अर्थाचं तो बोलतो. कान हे सांगताना आवाज चढवत नाही, रडत नाही, एखाद्याला गाडीचं इंजिन कसं बंद पडलं ते सांगावं तसं सांगतो.

आणि लगेच पाकिटातून एक कागद काढतो. जेलमध्ये मासिकांतली चित्रं कापून चिकटवून केलेलं कोलाज. घर, गाडी, मुलं, म्हातारा ओक्ला. हे माझं आयुष्य, आणि इथे एक बाई हवी आहे, ती तू.

या दोन गोष्टी एकाच टेबलावर लागोपाठ येतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. एकीकडे काहीच नको असलेला माणूस म्हणून तो वाचला, आणि दुसरीकडे त्याच माणसाने खिशात सगळं हवं असल्याची यादी ठेवलीये. दोन्ही एकत्र चालणार नाहीत. तो चित्रं दाखवतो तिथेच पुढच्या सगळ्या भानगडीचं बी पडलेलं असतं आणि फ्रँकला ते दिसत नाही, जेसीला कदाचित दिसतं. ट्यूजडे वेल्डचं कौतुक कमी होतं, पण या सीनमध्ये तिचं ऐकणं बघा. तिच्या मागेही एक ड्रगवाला नवरा होऊन गेलाय, म्हणजे हे सगळं तिने एकदा भोगलंय, आणि तरी ती हात पुढे करते. कानच्या मते हा त्याच्या करिअरमधला सर्वांत चांगला सीन होता, आणि मी तरी वाद घालणार नाही.

ओक्ला एवढासाच का आहे?

दोनच सीन असल्यासारखे आहेत, पण फ्रँकला माणूस त्याने केलाय. हृदयाचा पेशंट आहे आणि त्याला जेलमध्ये मरायचं नाही, एवढीच मागणी. त्याला बाहेर काढण्यासाठी कोर्टात जो प्रकार होतो तो मात्र चुकवू नका, वकील आणि जज सगळ्यांसमोर कायद्याची भाषा बोलतायत आणि बोटांच्या खुणांनी लाचेचा आकडा ठरवतायत. संपूर्ण भाव बोटांवर ठरतो. हसू येतं आणि मग येत नाही.

लिओ व्हिलन आहे की नाही? सुरुवातीला तर चांगला वागतो.

चांगला वागणं हाच त्याचा धंदा आहे.

लिओ धमकी देत नाही, सोय करून देतो. चोरी कुठे करायची ते तो शोधणार, अलार्मची माहिती तो आणणार, घर हवंय तर घर. फ्रँक आणि जेसीला मूल होत नाही, दत्तक घ्यायला जातात तर संस्थेतली बाई फ्रँकचा जेलचा रेकॉर्ड बघून दार बंद करते, आणि फ्रँकचा तिथे जो बांध फुटतो तो बघवत नाही. सरकारी दार बंद झालं की लिओ म्हणतो अरे मला सांगायचंस ना, मुलगा हवा ना, मिळेल. आणि मिळतो. मुलाचं नाव डेव्हिड ठेवतात, कारण ओक्लाचं खरं नाव डेव्हिड.

लिओ सारखा बापासारखं बोलतो. आणि हा बाप नसलेला, संस्थांमध्ये वाढलेला पोरगा. फ्रँक इतका हुशार माणूस यात कसा अडकला असं लोक विचारतात, पण मला वाटतं तो तिजोरीबद्दल हुशार आहे, घराबद्दल नाही. घर त्याने फक्त मासिकात बघितलंय.

मग लॉस एंजेलिसचं काम होतं आणि पैसे घ्यायची वेळ येते. फ्रँकचा हिशोब असा की काम झालं, माझा वाटा द्या, रामराम. लिओ त्याला ठरलेल्यातला छोटासा हिस्सा देतो आणि बाकीचे तुझ्याच भल्यासाठी शॉपिंग सेंटरमध्ये गुंतवलेत म्हणतो, शिवाय पुढची कामंही ठरवून ठेवलीत. बघा, पैसे बुडवले असं तो म्हणतच नाही! ज्याने कधी पगारातून न विचारता झालेली कपात बघितलीये त्याला हा सीन वेगळाच लागेल.

(आता यापुढे शेवट फोडलाय. न बघितलेल्यांनी "म्युझिक" या प्रश्नावर उडी मारा.)

शेवटी फ्रँक स्वतःचंच सगळं का जाळतो?

कारण लिओने त्याला समजावून सांगितलेलं असतं की त्याच्याकडे असलेली प्रत्येक गोष्ट लिओची आहे. फ्रँक वाटा मागायला जातो, धमकी देतो, त्यावर बॅरीला ठार मारतात आणि फ्रँकला जमिनीवर पाडून लिओ जे बोलतो ते अंगावर येतं. घर माझं, पोरगा माझ्याकडून आलेला, बायकोला मी रस्त्यावर उभी करेन, तू मरेपर्यंत माझ्यासाठी काम करणार. प्रॉस्की इथे पहिल्यांदा काकाचा चेहरा उतरवतो.

फ्रँक परत येतो आणि त्याच्याकडे दोनच रस्ते असतात, एक तर वाकायचं, नाहीतर धरून ठेवण्यासारखं काही शिल्लकच ठेवायचं नाही. तो दुसरा घेतो. जेसीला आणि बाळाला पैसे देऊन घराबाहेर काढतो आणि मुद्दाम थंडपणे, कारण प्रेमाने सांगितलं असतं तर ती गेली नसती. मग घर उडवतो, बार उडवतो, गाड्यांचं दुकान पेटवतो. आणि ते कोलाज चुरगाळून फेकून देतो.

म्हणजे कॉफीच्या टेबलावर त्याने जे सांगितलं होतं, काहीच वाटेनासं झालं की माणूस वाचतो, तिथे तो ठरवून परत जातो. जेलमध्ये ते त्याच्यावर आलं होतं, इथे स्वतःच्या हाताने करतो.

मग तो जिंकला ना? लिओला तर मारलं.

काही लोकांना हा शेवट टाळ्या वाजवण्यासारखा वाटतो, हिरोने सगळ्यांना उडवलं आणि निघाला. मला नाही वाटत तसं. लिओच्या घरात शिरून तो त्याला मारतो, बाहेर लॉनवर बाकीच्यांना, स्वतःला गोळ्या लागतात पण आत बुलेटप्रूफ जॅकेट असतं, आणि तो अंधारात चालत जातो. ठीक. पण जातो कुठे? चित्रातलं एकही माणूस त्याच्याकडे उरलेलं नाही. ओक्ला गेला, बॅरी गेला, बायको आणि मूल त्यानेच घालवलं. जेलमधून सुटला तेव्हा निदान खिशात तो कागद तरी होता.

आणि तो जखमेतून वाचतो का नाही हे पिक्चर सांगत नाही, सांगायची गरजही नाहीये.

म्युझिक असं व्हिडिओ गेमसारखं का आहे?

जर्मनीचा टँजरीन ड्रीम नावाचा इलेक्ट्रॉनिक बँड आहे, त्यांचं आहे ते. मॅनच्या डोक्यात आधी शिकागो ब्लूज होतं, गावाला शोभेल असं, पण मग त्याने ठरवलं की ब्लूजने हा पिक्चर फारच एका गावाचा होईल. सिंथेसायझरचा तो यंत्रासारखा घरघरणारा आवाज ड्रिलमध्ये मिसळतो, कुठे ड्रिल संपलं आणि कुठे म्युझिक सुरू झालं ते कळत नाही, पहिल्या चोरीत खास ऐका. शेवटच्या मारामारीतलं गिटार मात्र त्यांचं नाही, ते क्रेग सॅफनने केलंय.

त्या काळी हे लोकांना इतकं खटकलं की वर्षातल्या वाईट कामांना "पुरस्कार" देणाऱ्या रॅझीमध्ये या म्युझिकला नॉमिनेशन होतं. आज त्याच आवाजाची नक्कल करून लोक रात्री गाडी चालवायचे पिक्चर बनवतात. हेडफोन लावून बघा एवढंच म्हणेन, मोबाईलच्या स्पीकरवर निम्मा पिक्चर वाया जातो.

सगळीकडे रस्ते ओलेच कसे?

पाणी मारलंय. रात्रीच्या दिव्यांचं प्रतिबिंब खाली पडावं म्हणून मॅन रस्ते भिजवून घ्यायचा, म्हणजे वरही दिवे, खालीही दिवे आणि मधून गाडी बोगद्यातून गेल्यासारखी जाते. कॅमेरामन डोनाल्ड थोरिन. शूटिंग खऱ्या शिकागोत, फ्रँकचा बार म्हणून दिसतो तो ग्रीन मिल तर खरा जुना जॅझ क्लब आहे तिथला.

त्या वेळी चालला का?

फार नाही. साधारण ५५ लाख डॉलरमध्ये बनला आणि अमेरिकेत १ कोटी १५ लाखांच्या आसपास कमावले, म्हणजे पडला असंही नाही आणि उडाला असंही नाही. फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला मात्र १९८१ मध्ये स्पर्धेत होता. समीक्षकांमध्ये रॉजर ईबर्टने त्याला चारपैकी साडेतीन स्टार दिले होते. नाव झालं ते नंतर हळूहळू, मॅनचे पुढचे पिक्चर बघून लोक मागे मागे आले तेव्हा.

'व्हायोलंट स्ट्रीट्स' हा वेगळा पिक्चर आहे का?

नाही, हाच. अमेरिकेबाहेर काही ठिकाणी त्या नावाने लागला होता. व्हर्जनही एकापेक्षा जास्त आहेत, दिग्दर्शकाने नंतर थोडे फेरफार केले, आणि २०१४ मध्ये क्रायटेरियन या जुने पिक्चर जपून काढणाऱ्या कंपनीने नीट साफ करून काढलेली ब्ल्यूरे आली. मिळाली तर ती बघा. जुन्या कॉपीत रात्रीचे सीन म्हणजे नुसता काळा पडदा, आणि हा पिक्चर बहुतेक रात्रीच घडतो.

लहान मुलांबरोबर बघता येईल?

नको. शिव्या भरपूर, मारहाण खरी वाटते, आणि जेलमधल्या ज्या गोष्टीबद्दल फ्रँक बोलतो ती मुलांना समजावत बसावं लागेल.

स्लो आहे असं ऐकलं.

दोन तासांचा आहे. मधला भाग, म्हणजे दत्तक, घर, ओक्ला, हा ज्यांना "चोरी कधी आहे" वाटतं त्यांना जड जाईल. पण तोच भाग काढला तर शेवटी तो जे जाळतो त्याची किंमत तुम्हाला कळणार कशी. आपल्याकडच्या अंडरवर्ल्डपटांत डॉनची आई, बहीण वगैरे जशी सोयीपुरती येऊन जाते तसं हे नाहीये.

हे आवडलं, आता पुढे काय बघू?

मॅनचाच 'हीट' (१९९५) बहुतेकांनी बघितलेला असतो, पण 'थीफ'नंतर परत बघा, कारण तिथल्या चोराचा नियम, की पोलिसाची चाहूल लागली तर तीस सेकंदांत सोडता येणार नाही असं काही जवळ ठेवू नकोस, हा फ्रँकने शेवटी जे केलं त्याचाच नियम करून ठेवलेला आहे. आणि त्या चोराचं नाव नील मॅकॉली हे शिकागोच्या खऱ्या दरोडेखोराचं नाव, ज्याच्या मागे लागून ज्या डिटेक्टिव्हने त्याला १९६४ मध्ये संपवलं तो म्हणजे वर आलेला चक अ‍ॅडमसन. दोघं एकदा खरंच कॉफी प्यायला बसले होते, 'हीट'मधला चोर आणि पोलीस समोरासमोर कॉफी पितात तो सीन तिथूनच आलाय.

नुसती चोरीची कारागिरी बघायची असेल तर फ्रेंच 'रिफिफी' (१९५५). त्यात चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, एक शब्द नाही, म्युझिकही नाही. आणि सुटून आलेल्या माणसाला बाहेरचं जग कसं परत आत ढकलतं हे बघायचं असेल तर डस्टिन हॉफमनचा 'स्ट्रेट टाइम' (१९७८), तोही आत जाऊन आलेल्या माणसाच्या, एडवर्ड बंकरच्या कादंबरीवरचा. तो 'थीफ'पेक्षा कोरडा आहे, सुंदर दिवे वगैरे काही नाहीत, त्यामुळे दोन्ही एकाच रात्री लावू नका.